डॉक्टर इन्फॉर्म्ड, दोन चाळीस

मृणाली भोईरला या वयात आणखी शिकायचं आहे, ही बातमी घरात फुटली ती मितेशमुळे. मितेश हा एका ऑनलाइन विद्यापीठाचा समुपदेशक. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण तो तिला दिवसातून पाच वेळा फोन करायचा. त्यातला एक फोन ती अंघोळीला गेलेली असताना तिच्या सासूबाईंनी, पार्वतीबाईंनी उचलला. मितेशने त्यांनाच मॅम समजून नर्स प्रॅक्टिशनरच्या, म्हणजे काही उपचार स्वतः ठरवू शकणाऱ्या नर्सच्या, पदवीची माहिती पुरी अकरा मिनिटं सांगितली. पार्वतीबाईंनी ती मध्ये न बोलता ऐकून घेतली. त्यातलं एकच त्यांच्या मनाला लागलं, ते म्हणजे फीमधली सवलत आज संपत होती.

"घेऊन टाक ना गो," त्या म्हणाल्या. "आज संपतंय म्हनं."

"आई, ती सवलत गेले एकोणीस दिवस आज संपतेय."

"मंग उद्या पन संपंल," पार्वतीबाई म्हणाल्या. "उद्या घे."

कशेळीतल्या भोईरांच्या घरात घाईची कुणाला सवय नव्हती. शेतात भात पिकायचा तेव्हा होती. आता त्या शेतांवर गोदामं उभी होती, त्यांत इतरांच्या फ्रिजचे आणि मिक्सरचे खोके पिकत होते, आणि भाडं बँकेत आपोआप जमा होत होतं. अशा घरात सुनेने सकाळी सहाला उठून धामणकर नाक्याच्या रुग्णालयात सिस्टरच्या नोकरीला जाणं हा प्रकार चौदा वर्षं सगळ्यांनी समजून घेतला होता. कुणाला भजनाचा नाद असतो, हिला ड्युटीचा, असं म्हणून.

नादाचा गल्लीला उपयोगही होता. संध्याकाळी मृणाली घरी आली की ओट्यावर दोघंतिघं बसलेली असत. कुणाला बीपी मोजून हवं असे, कुणाला गुडघेदुखीचं इंजेक्शन. सगळ्यांत जास्त मागणी ताकदीच्या बाटलीला. ही बाटली म्हणजे साधं सलाइन. त्यात मीठ, पाणी आणि थोडी साखर असते, हे मृणालीने गल्लीला कितीदा तरी समजावलं होतं. गल्लीने ते मान्य केलं होतं आणि बाटली मागणं चालू ठेवलं होतं.

रात्री जेवताना नवऱ्याने, भूपेशने विषय काढला. भूपेश सरळ माणूस होता. कुठल्याही गोष्टीत मदत करायची म्हणजे आधी जागा बघायची, एवढं त्याला कळत होतं. ती ज्यांचा विचार करत होती त्या तिन्ही संस्थांचे फोटो त्याने मोबाइलवर मोठे करून पाहिले.

"याची बिल्डिंग बरी हाय," मितेशच्या विद्यापीठावर बोट ठेवून तो म्हणाला. "समोर कंटेनर वळेल एवढी जागा हाय."

"अहो, शिक्षण ऑनलाइन आहे. मी तिथं जाणार नाही."

"तू नको जाऊ. पन जागा बघून घ्यायची."

तिने खरं तर तिन्ही संस्था दोन महिने पारखल्या होत्या. मितेशच्या विद्यापीठाने तिच्याकडे काहीच मागितलं नव्हतं. ना अनुभव, ना परीक्षा. जाहिरातीत मान्यताप्राप्त असं ठळक लिहिलेलं होतं. मान्यता कुणाची, एवढं लिहायचं राहून गेलं होतं. तिने ते मितेशला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की मॅम, हा प्रश्न फार छान आहे, आणि फोन कट झाला. दुसरी संस्था परदेशातली. तिचा अभ्यासक्रम वाचून मृणालीला रात्रभर झोप आली नव्हती, इतका तो चांगला होता. पण त्याला तिथल्या राज्याची नोंदणी लागत होती आणि मृणालीची नोंदणी महाराष्ट्राची होती.

तिसरी संस्था दक्षिणेतली, लहान. तिच्या पानावर कुणी हसत नव्हतं. पहिलंच वाक्य असं होतं की या अभ्यासक्रमाने तुम्ही डॉक्टर होणार नाही. पुढे काय काय होणार नाही याची यादी होती, आणि ती वाचताना मृणालीला चौदा वर्षांत प्रथमच आपल्याशी कुणी खरं बोलतंय असं वाटलं. वर्ग ऑनलाइन, परीक्षा समोर बसून. पाचशे तास प्रत्यक्ष रुग्णाजवळ, आपल्याच रुग्णालयात, एका गाइड डॉक्टरच्या देखरेखीखाली. त्या डॉक्टरने संमतिपत्र द्यायचं. आणि अर्जासोबत एक पान लिहून जोडायचं: डॉक्टरांच्या आधी तुम्हाला काहीतरी समजलं, असा एक रुग्ण. तुम्ही काय केलं. काय केलं नाही. पान गाइडने वाचून खाली सही करायची.

मृणालीला हाच अभ्यासक्रम हवा होता. तिला पांढऱ्या कोटाची हौस नव्हती. रुग्ण समोर असताना आपल्याला जे दिसतं ते मोठ्याने म्हणायचा आणि त्याप्रमाणे वागायचा अधिकार तिला हवा होता, रीतसर, शिकून. तो नसला की काय होतं हे तिला माहीत होतं. अडचण त्या एका पानाची होती.

त्या पानावर काय लिहायचं हे तिला वाचताक्षणीच कळलं होतं. म्हणून तिने दुसरंच लिहिलं. विंचू चावलेल्या एका मुलीची हकीकत लिहिली. त्यात मृणालीने वेळेवर ओळखलं, वेळेवर केलं, मुलगी वाचली, आईबापांनी शाल दिली. पान छान झालं. शाळेच्या फलकावर लावण्यासारखं. ते तिने दोनदा वाचलं आणि फाडलं.

आता, त्या रुग्णालयाची एक रीत सांगायला हवी.

धामणकर नाक्याजवळचं ते तीस खाटांचं रुग्णालय डॉ. सुधीर कर्णिकांचं. कर्णिकांचं घराणं भिवंडीतलं जुनं. आजोबा कोर्टात कारकून, वडील हेडमास्तर. सुधीर कर्णिक वाईट माणूस नव्हते. हात हुशार, बोलणं मृदू, गरिबाला कधी परत न पाठवणारे. फक्त ते तीन रुग्णालयांत पूर्णवेळ होते. एक भिवंडीत, एक कल्याणला, एक ठाण्याला. त्यामुळे कुठल्याही एका ठिकाणी ते असत त्यापेक्षा त्यांचा फोन जास्त असे. सह्या मात्र भरपूर असत. आठवड्याच्या सुरुवातीला ते कोऱ्या केसपेपरांच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवत, आणि पुढचं अक्षर सिस्टर लोकांचं.

रुग्ण बिघडला की सिस्टरने सरांना फोन लावायचा आणि केसपेपरवर वेळ टाकून लिहायचं, 'डॉक्टर इन्फॉर्म्ड'. म्हणजे डॉक्टरांना कळवलं. वेळ टाकायची ती फोन लावल्याची. त्यांनी उचलला कधी, उचलला की नाही, याला पेपरवर रकाना नव्हता. मृणालीला तिच्या पहिल्याच दिवशी जुन्या सिस्टरने शिकवलं होतं की लावणं आपलं काम, उचलणं त्यांचं. सर बहुतेक वेळा दहा मिनिटांत उलटा फोन करत. ती दहा मिनिटं पेपरवर कुठेच नसत, आणि बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नसे. बहुतेक वेळा हा शब्द रुग्णालयात फार कामाचा आहे.

दीड वर्षापूर्वीच्या एका रविवारी दुपारी अंबाडीच्या पलीकडच्या गावातून ठकुबाईला तिचा मुलगा महादू टेंपोत घालून घेऊन आला. वय बासष्ट. छातीखाली जळजळ, तीन उलट्या, अंगाला घाम. वालाची आमटी बाधली, असं ठकुबाई स्वतःच सांगत होती. पलंगाची चादर घामाने भिजली म्हणून तिने मृणालीची माफीही मागितली. ड्युटीवरचा डॉक्टर त्या दिवशी परीक्षेला गेला होता. त्याच्या जागी होता तो सरांचा फोन. मृणालीने ईसीजी काढला. कागद मशीनमधून बाहेर येतानाच तिला दिसलं. खालच्या तीन लीडमध्ये रेषा वर उचललेली, म्हणजे हार्ट अटॅक. वालाचा काही दोष नव्हता.

दोन चाळीसला तिने सरांना फोन लावला. वाजला, थांबला. तिने पेपरवर लिहिलं, 'डॉक्टर इन्फॉर्म्ड, दोन चाळीस'. मग पुन्हा लावला. एकूण सात वेळा. मधल्या वेळात नेहमीच्या यादीतलं पित्ताचं इंजेक्शन दिलं, कारण तेवढ्याला विचारावं लागत नव्हतं. तीन पन्नासला सरांचा उलटा फोन आला. त्यांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं, गोळ्या, इंजेक्शन आणि तडक ठाण्याला पाठवा. रुग्णालयाची गाडी निघाली ती अंजूर फाट्यावरून मागे वळली. पुढे नेण्याचं कारण उरलं नव्हतं.

महादूने जाताना हात जोडले होते. "बाई, तुमी लय केलं," म्हणाला.

फाइल मात्र निर्दोष होती. ती वाचणाऱ्याला दिसत होतं की रुग्ण आला, ईसीजी झाला, दोन चाळीसला डॉक्टरांना कळवलं, त्यांच्या सल्ल्याने उपचार झाले, तरीही दुर्दैवाने. एवढी नीट फाइल त्या कपाटात दुसरी नव्हती, आणि ती मृणालीच्या अक्षरात होती. दोन महिन्यांनी सरांनी तिला इन्चार्ज सिस्टर केलं. तिच्याआधी लागलेल्या दोघी होत्या, पण मृणालीचं काम चोख होतं, असं सगळ्या म्हणाल्या. तिनेही तसंच मानलं.

तर विंचू चावलेल्या मुलीचं पान फाडल्यावर मृणालीने हे पान लिहिलं. रविवार, ठकुबाई, ईसीजी, सात फोन, रीत, सगळं वेळेसकट. शेवटचं वाक्य असं की डॉक्टरांशी वेळेत संपर्क होऊ शकला नाही. मग तिला वाटलं आपण सगळं लिहिलं.

अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपत होती. ही मुदत मितेशच्या सवलतीसारखी नव्हती. संपली की संपणार होती. गुरुवारी दुपारी ओपीडी उरकल्यावर ती फाइल घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. काय शिकायचंय ते सांगितलं. सर मनापासून खूश झाले. आपल्या इथली सिस्टर पुढे जातेय म्हणाले, चहा मागवला, आणि बोलता बोलता पेन काढून सह्या सुरू केल्या. संमतिपत्रावर केली. पानावर, खाली जिथं जागा होती तिथं केली. मग पाचशे तासांची वही हातात घेतली. प्रत्येक तासाला एक रकाना आणि प्रत्येक रकान्यात गाइडची सही.

"हे आत्ताच करून टाकू का सगळं?" ते म्हणाले. "परत परत तुम्हाला खेपा नकोत. तासाभरात होतील."

पाचशे तास तासाभरात. मृणाली बघत राहिली. तिला हवं होतं ते सगळं टेबलावर पडलं होतं. संमती होती, पानावर सही होती, आणि वही उद्यापर्यंत भरलीही असती. फाइल उचलायची आणि निघायचं, एवढंच बाकी होतं. आणि असं केलं की तिसरी संस्था आणि मितेश यांत फरक काय राहिला, हा प्रश्न तिला अगदी चुकीच्या वेळी सुचला.

"सर, ते पान वाचा," ती म्हणाली.

"वाचलं."

"नाही वाचलं, सर."

कर्णिकांनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला. त्यांना कुणी काही वाचायला लावलं, असं त्या केबिनमध्ये बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. त्यांनी पान वाचलं. उलटून मागे काही आहे का पाहिलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. चहा आला, तो दोघांच्या मध्ये ठेवून मावशी निघून गेली.

"ठकुबाई," सर म्हणाले. नाव त्यांच्या लक्षात होतं, याचं मृणालीला नवल वाटलं. "हे छापून बिपून येणार आहे का कुठे?"

"नाही, सर. तिघंजण वाचतील."

"मुलीचा साखरपुडा होता त्या दिवशी, तनयाचा. फोन कोटात होता. कोट खुर्चीवर."

"माहितीय, सर. सोमवारी पेढे आले होते."

ते थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग हळू आवाजात, तक्रार केल्यासारखं नव्हे, आठवल्यासारखं सांगू लागले. फोन हातात घेतला तेव्हा सात मिस्ड कॉल दिसले. ठकुबाई गेल्याचं कळलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हे की आता चौकशी होणार, आणि आपण त्या वेळी बासुंदी खात होतो हे बाहेर येणार. संध्याकाळी धावत रुग्णालयात आले. पेपर उघडला.

"त्यात बघतो तर मला दोन चाळीसला कळलेलं," ते म्हणाले. "तुमच्या अक्षरात. मला वाटलं, तुम्ही मला वाचवलंत."

"मी नेहमीसारखं लिहिलं होतं, सर. रीत आहे आपली."

"मला ते कसं कळणार? मी उपकार मानले. तुम्हाला इन्चार्ज केलं."

इन्चार्ज झाल्याच्या दिवशी मृणालीने सगळ्या मजल्यांवर जिलेबी वाटली होती. पार्वतीबाईंनी देवीला ओटी भरली होती. इतके दिवस ती खुर्ची आपल्या चोख कामाची आहे असं समजून ती तिच्यावर पाठ टेकून बसत आली होती.

कर्णिकांनी पान पुन्हा उचललं. आता त्यांचा आवाज राउंडवर असतो तसा झाला. ते कुणाला शिकवत तेव्हा असाच होई, आणि ते शिकवायचे फार क्वचित.

"ईसीजी बघून तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"किती वाजता?"

"दोन पस्तीसला."

"गाडी कुठे होती?"

"खाली. ड्रायव्हर गाडीतच जेवत होता."

"मग?"

"ऑर्डर नव्हती, सर."

"'इन्फॉर्म्ड' लिहायला ऑर्डर लागली होती?"

हे ते टोचून बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं. दोन शब्द उलटून देता आले असते. बासुंदीचा विषय समोरच होता. पण त्यांनी ते खरोखरच विचारलं होतं, उत्तर हवं असल्यासारखं. चौदा वर्षांत मृणालीने विचारल्याशिवाय काय काय केलं होतं ते तिला आठवलं. गल्लीत बाटल्या लावल्या होत्या. डोस कमी-जास्त केले होते. सरांच्या सहीवर औषधं लिहिली होती. आणि जे झालं नाही ते झालं म्हणून, वेळेसकट, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. एवढं सगळं बिनऑर्डरचं. फक्त एक गाडी पाठवायला तिला ऑर्डर हवी होती. कारण गाडी पाठवली आणि वालाचीच आमटी निघाली असती, तर ठाण्याच्या डॉक्टरांसमोर सर आपल्याला हसले असते. आपण भ्यालो होतो ते एवढ्यालाच, हे तिला दीड वर्षाने, दुपारी सव्वातीनला, थंड होत चाललेल्या चहासमोर कळलं.

तिने त्यांच्या हातातलं पेन मागून घेतलं. पानावर शेवटच्या वाक्याखाली त्यांची सही होती, म्हणून तिला सहीच्या खाली लिहावं लागलं. 'ईसीजी मला दोन पस्तीसला समजला होता. गाडी खाली होती. मी पाठवली नाही.' पान तिने परत त्यांच्यासमोर सरकवलं.

सरांनी ते वाचलं. बाहेर रिक्षावाल्यांची नेहमीची भांडणं चालू होती. मग त्यांनी आपली आधीची सही एका रेघेने खोडली, मृणालीच्या ओळींखाली 'वाचले. बरोबर आहे' असं लिहिलं, आणि नव्याने सही केली. ही सही हळू झाली. अक्षरं सुटी सुटी आली, शाळेतल्यासारखी.

ती थँक्यू म्हणणार होती, तेवढ्यात त्यांनी संमतिपत्र उचललं आणि मधोमध फाडलं.

"सर?"

"यात लिहिलंय की पाचशे तास मी तुमच्या शेजारी उभा राहणार. मी नसतो, सिस्टर. रविवारी तर नाहीच."

"मग गाइड कोण, सर? उद्या शेवटचा दिवस आहे."

"जो असतो तो," कर्णिक म्हणाले, आणि दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मला तुमच्यासाठी खोटी सही करायला काही वाटलं नसतं. पण आता हे वाचल्यावर कशी करू?"

यावर रागवावं की काय करावं, हे तिला कळेना. माणसाने वाचायला सुरुवात करावी आणि पहिला फटका वाचायला लावणाऱ्यालाच बसावा, यात तक्रार कुणाकडे करायची.

शुक्रवारी तिने गाइडची जागा रिकामी ठेवून, पानाचा फोटो जोडून अर्ज ऑनलाइन पाठवला. भूपेशने विचारलं की एक कागद कमी असेल तर कुणाला तरी भेटून घ्यावं का. गोदामाच्या परवानगीला तसंच करतात. ती नको म्हणाली. मितेशला पार्वतीबाईंनी परस्पर सांगून टाकलं की आमचं दुसरीकडं ठरलंय, आन ते पन ठरंना, तू फोन करू नको. मितेश दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून कसे आहात विचारता झाला.

दहा दिवसांनी दक्षिणेतल्या त्या संस्थेच्या समन्वयक बाईंचा फोन आला. त्या तुटक हिंदी बोलत. पान तिघांनीही वाचलं होतं. गाइडशिवाय प्रवेश नाही, नियम आहे, त्यात काही करता येणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. मग एक विचारायचं आहे म्हणाल्या.

"आज वही ईसीजी आया, डॉक्टर फोन नहीं उठाते. आप गाडी भेजेंगी?"

मृणालीने लगेच हो म्हटलं नाही. फोनवर पटकन हो म्हणणं फार सोपं असतं. ती औषधांच्या कपाटाजवळ उभी होती. तिने ती दुपार पुन्हा एकदा पाहिली. घामाने भिजलेली चादर, खाली जेवणारा ड्रायव्हर, हसणारे सर.

"भेजूँगी," ती म्हणाली. "और लिखूँगी भी वही, जो किया."

"तो जनवरी में आइए," बाई म्हणाल्या. "गाइड लेके. जो सामने खडा रहे, ऐसा."

त्याच आठवड्यात मृणालीने इन्चार्जची खुर्ची सोडत असल्याचा अर्ज दिला. साध्या वॉर्डच्या पाळीत परत घ्या, एक रविवार आड सुट्टी द्या. कर्णिकांनी तो अर्ज सही करण्यापूर्वी दोनदा वाचला. रुग्णालयात याची चर्चा झाली. सरांची नजर गेली की काय, असं मावशींनी विचारलं.

घरी खुर्ची गेल्याचं सांगितलं तेव्हा भूपेश जेवायचा थांबला. "म्हंजे पास झालीस, पन घेतलं न्हाय. आन हिथली खुर्ची पन सोडलीस," त्याने हिशेब लावून पाहिला. "मग शिकलीस काय?" प्रश्न चांगला होता. तिने त्याला ठकुबाईचं सांगितलं, पहिल्यापासून. शेवटी तो ताट बाजूला सारून म्हणाला की गावातल्या कुणाला तो हे सांगणार नाही. थोड्या वेळाने म्हणाला, सांगायचं असेल तर तूच सांग.

नंतरचे सुट्टीचे रविवार मृणालीने एकाच कामात, गाइड शोधण्यात घालवले. फोन करून चौकशी करण्यात अर्थ नव्हता. फोनवर सगळीकडेच डॉक्टर असतात. ती दुपारी दोन ते चार या वेळात शेअर रिक्षाने एकेका रुग्णालयात जायची आणि काउंटरवर विचारायची, डॉक्टर आहेत का. पहिल्या रविवारी तीन ठिकाणी डॉक्टर 'येतीलच' होते. दुसऱ्या रविवारी एका ठिकाणी आत्ताच गेले होते, आणि एका ठिकाणी होते, पण ते दाताचे. एका काउंटरवरच्या सिस्टरने तिला ओळखलं. मॅडम, तुमचे सर असताना तुम्हाला दुसरे कशाला, असं विचारलं. मृणालीने खरं कारण सांगितलं, तेव्हा ती सिस्टर हळूच म्हणाली की आमच्यात पन असंच लिवतात.

तिसऱ्या खेपेला ती अंबाडीला गेली. महादूचं गाव तिथून पुढे चार-पाच मैलांवर. तिथंही जायचं होतं, हे तिला माहीत होतं. फक्त त्याच्यासमोर उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, हे अजून जमत नव्हतं. ते कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नव्हते. नाक्यावर खताच्या दुकानाच्या वर एक दहा खाटांचं रुग्णालय होतं. जिना अरुंद. काउंटरवरची मुलगी रजिस्टरमध्ये काहीतरी उतरवत होती.

"डॉक्टर आहेत का?"

"हायेत."

"म्हणजे, फोनवर?"

मुलीने मान वर केली. "फोनवर कशाला? आत हायेत, पेशंटजवळ. येळ लागंल. काय काम हाय?"

"थांबते मी," मृणाली म्हणाली आणि बाकावर बसली. आतून एका बाईचा आवाज येत होता, जरा चिडका. ती कुणाला तरी पुन्हा एकदा जीभ बाहेर काढायला सांगत होती आणि तो माणूस पुन्हा चुकीचं काहीतरी करत होता. मृणालीने पिशवीतून ठकुबाईचं ते पान काढलं. घडीवर कागद जरा विरला होता. तो तिने मांडीवर ठेवून तळहाताने सारखा केला आणि आतलं काम संपायची वाट बघत बसली.